भोकरीखालचा भुईचाफा

माझ्या वडिलांना फुलं कळत नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना त्यांच्यावर कोणी विनाकारण रागावणार नाही. त्यांना कापूस कळायचा. वावराच्या धुऱ्यावर उभं राहून कापसाच्या पऱ्हाटीच्या पानाकडे एकवार पाहिलं की ते सांगायचे, हिला पाणी जास्त झालं, हिला खत पाहिजे, हिच्या मुळाशी काहीतरी लागलं. दिग्रसच्या बाजारात ओळखीचे लोक त्यांना चहाच्या टपरीवर गाठायचे आणि डॉक्टरला जीभ दाखवावी तसं खिशातून सुकलेलं पान काढून दाखवायचे. घरात मात्र बाबा फारसे बोलत नसत. मायशी तर सरळ बोलतच नसत. ‘‘सुमे, तुह्या मायले सांग, भाकर बांधून दे,’’ असं ते मायच्या पुढ्यात उभं राहून मला सांगायचे, आणि माय चुलीपासून मान वर न करता मला सांगायची, ‘‘सांग त्याईले, बांधून ठेवली हाये.’’ तेव्हा घराघरांत असंच चालायचं. मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही अशी माझी ऐट होती.

माय महागावच्याही पलीकडची, नदीकाठच्या जंगलातल्या गावची. आमचं गाव दिग्रसजवळचं, काळ्या मातीचं, उघडं. नजर टाकावी तिकडे पऱ्हाटी आणि तूर, आणि वर भलंमोठं आभाळ. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथं सगळ्यात आधी काय खटकलं असेल तर ऊन. ‘‘या गावात माणसाले लपाले जागा नाही,’’ असं ती म्हणायची. तिच्या हातची चवसुद्धा सावलीतली होती. पावसाळ्यात काटवलं, बांबूचे कोवळे वास्ते, तरोट्याची भाजी, उन्हाळ्यात मोहाची फुलं वाटून केलेल्या पोळ्या. माहेरी गेली की पदरात, पिशवीत, मिळेल त्यात काहीबाही भरून आणायची. आमच्या गावच्या इतर बायका वरण-भाकर-ठेच्याच्या पुढं जात नसत, त्या तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या आणि वाटी घेऊन चव बघायलाही यायच्या. बाबा जे ताटात येईल ते खायचे आणि उठायचे. आवडलं का नावडलं, हे त्यांच्या तोंडावरून ओळखणं म्हणजे भिंतीला विचारण्यासारखं होतं.

आमच्या परसात न्हाणीच्या मागं एक भोकर होती. गोल, दाट, पार जमिनीकडे वाकलेली. तिच्या भोकरांचं लोणचं वर्षभर पुरायचं, पण तिच्या खाली काही म्हणून उगवत नसे. बाबांच्या लेखी ती जागा फुकट गेलेली. मायच्या लेखी सगळ्या गावात तीच एक जागा बरी होती. दुपारी धुणंभांडी आटोपली की ती तिथं पाय पसरून बसायची. एका खेपेला माहेराहून येताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून कसलेसे कंद आणले, आणि सोबत एक टोपली भरून काळीभोर, कुजलेल्या पाल्याची माती. ती टोपली डोक्यावर घेऊन ती एसटीत चढली तेव्हा कंडक्टरनं म्हणे तिला विचारलं, ‘‘बाई, तुमच्याकडे माती नाही काय?’’ ‘‘हाये,’’ माय म्हणाली, ‘‘पण ते पऱ्हाटीची हाये.’’ ही गोष्ट ती पुढं कितीतरी वेळा सांगायची आणि दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. कंद होते भुईचाफ्याचे. तिच्या आईच्या घरामागं नाल्याच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या बुडाशी, आपोआप उगवलेले. त्यांना ऊन सोसत नाही. भोकरीखाली तिनं ते एकेक करून, अंतर राखून लावले, वर आणलेली माती पसरली आणि झाडाचा गळालेला पाला झाडून न टाकता त्यावरच लोटायला सुरुवात केली. ‘‘सुमे, तुही माय कचरा गोळा करून राह्यली काय?’’ बाबांनी विचारलं. मायनं उत्तर दिलं नाही, म्हणून मीही काही पोचवलं नाही.

ज्यांनी भुईचाफा पाहिला नाही त्यांना तो समजावून सांगणं कठीण आहे. पावसाळ्यात त्याला रुंद पानं येतात, वरून हिरवी, त्यावर फिकट पट्टे, आणि पान उलटं केलं की जांभळं. हिवाळा लागला की पानं पिवळी पडतात, माना टाकतात आणि नाहीशी होतात. जागेवर नुसती माती उरते. इथं काही होतं असं सांगूनही कोणाला खरं वाटू नये. मग चैत्रात, सगळं करपत असताना, एके सकाळी त्या कोऱ्या मातीतून थेट फूल वर येतं. ना देठ, ना पान. पांढरं, खालची पाकळी जांभळी, आणि वास असा की घरात चुलीपर्यंत यावा. मायच्या आईची एक सवय होती. वर्षाचं पहिलं फूल ती देवाला न वाहता पिण्याच्या माठात सोडायची. मायनंही तेच केलं. त्या दुपारी बाबा वावरातून आले, लोटाभर पाणी प्याले आणि थांबले. ‘‘सुमे, आज पाण्याले कायचा वास येऊन राह्यला?’’ मी सांगितलं. त्यांनी आणखी एक लोटा भरून घेतला. मग हात मागं बांधून परसात गेले आणि भोकरीखाली वाकून, मातीत कोणाची वस्तू पडलेली दिसावी तसे, त्या फुलांकडे बघत उभे राहिले. मायनं हे चुलीपासून उठून न्हाणीच्या कोपऱ्यावरून पाहिलं. त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. सण नव्हता की पाहुणा नव्हता.

मग मायच्या गावाचं धरणात जाणं ठरलं. आधी कितीतरी वर्षं नुसतं बोलणं चालू होतं, आणि बोलणं चालू आहे तोवर माणसं घराची कौलं बदलत असतात, तशी तिथलीही बदलत होती. एकदा मामाचा निरोप आला की आता खरंच उठायचं आहे, घर उकलून लाकूडफाटा नव्या जागी न्यायचा आहे, तू ये. कापूस वेचणीचे दिवस होते. बाई माणसानं अशा दिवसांत घर सोडायचं म्हणजे मोठीच गोष्ट, पण बाबा ‘जाऊ दे’ म्हणाले. माय धाकट्या भावाला कडेवर घेऊन निघाली. उंबऱ्यापाशी थांबली, आणि मी मध्ये उभी असताना, माझ्याकडे न बघता, सरळ बाबांना म्हणाली, ‘‘भुईचाफ्याकडे ध्यान ठेवजा. गाव तं चाललं आता. तेवढंच राहीन.’’ बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. तिला म्हणायचं एवढंच होतं की कोंबड्या उकरतील, कोणी तिथं खुंटा ठोकेल, ते होऊ देऊ नका. ध्यान ठेवा या शब्दाचा तिच्या गावी तेवढाच अर्थ. आमच्या गावी, कापूसवाल्यांच्या गावी, ध्यान ठेवणं म्हणजे मेहनत घेणं. हे मला फार उशिरा कळलं.

ती गेली आणि थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडू लागली. बाबांनी यापूर्वी भुईचाफ्याचा हिवाळा कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवसांत ते उजाडताच वावरात जायचे आणि अंधार पडता परत यायचे. आता मात्र रोज सकाळी आधी परसात जाऊन उकिडवे बसायचे. पान उन्हाकडे धरून पाहायचे तर तिथं ऊनच नाही. ‘‘पिवळं पडलं वो हे,’’ ते मला म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, ‘‘माय म्हणते, ते झोपते. मागच्या साली पण असंच झालतं.’’

‘‘झाड कवा झोपते काय? ढोरं झोपते, माणसं झोपते. झाड पिवळं पडलं म्हंजे त्याले भूक लागली.’’

‘‘पण मागच्या साली...’’

‘‘मागच्या साली तुही माय होती पाहाले. आता मी हाये.’’

त्यांच्या हातचा कापूस उभ्या पंचक्रोशीत नावाजलेला. झाडाबद्दल ते सांगतात ते चूक असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि खरं सांगू का, पुढचे ते दिवस माझ्या सगळ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे आहेत. आज हे लिहितानासुद्धा हात थांबतो, कारण त्या सुखाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे, तरी ते सुख खोटं होतं असं काही मला म्हणता येत नाही. वावरातून बाबा लवकर यायला लागले. आम्ही दोघं मिळून भोकरीखालचा सगळा पाला खराट्यानं झाडून काढला. त्यांनी खुरप्यानं माती हलकी केली, लहानशा सऱ्या पाडल्या, पऱ्हाटीला देतात तसा युरिया चिमटीनं प्रत्येक बुडाशी टाकला. मी न्हाणीतून पाण्याच्या बादल्या आणायचे. संध्याकाळी ते गोवऱ्यांचा जगरा पेटवून त्यात कणकेचे रोडगे भाजायचे, आणि वरणात तूप ओतून मला कुस्करून द्यायचे. रोडगे बाहेरून जळायचे, आतून कच्चे राहायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांना ‘मस्त झाले’ म्हणायचो. जगऱ्याजवळ बसून ते बोलायचे. त्यांच्या बापाच्या गोष्टी, बैलांच्या खोडी. एकदा काडीनं राख सारखी करत त्यांनी विचारलं, ‘‘सुमे, तुह्या मायले काय आवडते वो?’’ इतकी वर्षं संसार केलेला माणूस हे लेकीला विचारत होता. मी म्हटलं, ‘‘भुईचाफा.’’ ‘‘ते माईत हाये. दुसरं काय?’’ मला दुसरं काही सुचेना. ते बराच वेळ वाट पाहत बसले.

पानं पिवळी व्हायची थांबली नाहीत. तेव्हा त्यांनी भोकरीकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘उन्हाबिगर काय जगते? हिनंच मारलं त्याले.’’ दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन ते भोकरीवर चढले. एकेक फांदी खाली येताना मी टाळ्या वाजवत होते. दुपारपर्यंत नुसतं खोड आणि चार खुंट उरले. परसात पहिल्यांदाच लख्ख ऊन पडलं. बाबांनी फांद्या तोडून भिंतीशी सारख्या रचून ठेवल्या, सऱ्यांमधून पाणी सोडलं आणि कमरेवर हात ठेवून, चांगलं पीक आलेल्या वावराकडे बघावं तसं समाधानानं त्या जागेकडे बघितलं.

माय आली तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता, आणि जवळ एक गाठोडं आणि आईचा पाटा. मामानं तिला स्टँडवर सोडलं, बाबा बैलगाडी घेऊन आणायला गेले होते. ती फार वाळली होती. पाणीसुद्धा न पिता ती परसात गेली. मी तिच्या मागं आणि बाबा माझ्या मागं. न्हाणीच्या कोपऱ्यावर ती थबकली. आधी तिनं वर पाहिलं, मग खाली. ओली, भुसभुशीत, निंदून घेतलेली माती, सरळ सऱ्या, उन्हात चमकणारे पांढरे दाणे. बाबा मागं उभे होते आणि त्यांच्या तोंडावर कौतुकाची वाट पाहणाऱ्या पोराचं हसू होतं, ते मला दिसत होतं आणि तिला वळल्यावर दिसलं. ती त्यांच्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘लय मेहनत केली तुमी.’’ सरळ त्यांनाच म्हणाली. बाबांचे कान लाल झाले. ते बैल सोडायला गेले, आणि जाताना मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते वावरात गेल्यावर तिनं खुरपं घेतलं. एकेक सरी उकरून कंद बाहेर काढले. बोटांनी दाबले की मऊ लागत होते, आणि वास येत होता तो सडक्या कांद्यासारखा. ती एकेक तपासून बाजूला ठेवत होती आणि प्रत्येक वेळी पुढच्याकडे आशेनं हात नेत होती. शेवटचा हातात घेतल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला आणि उन्हात, उघड्या मातीत बसून रडली. गाव उठलं तेव्हा ती रडली नव्हती असं मामानं मला पुढं सांगितलं. मी तिला चिकटून बसले. मग तिनं डोळे पुसले, सगळे कंद एकाच खड्ड्यात ठेवले, माती लोटली, सऱ्या पुन्हा हातानं नीट केल्या. ‘‘तुह्या बाबाले कळू देऊ नको,’’ ती म्हणाली. ‘‘त्याईनं कोणासाठी कवा एवढं केलं नाही.’’

चैत्र आला. बाबा रोज सकाळी वावरात जायच्या आधी परसात एक फेरी मारायचे. फूल आलं नाही. एके दिवशी जेवताना म्हणाले, ‘‘सुमे, तुह्या मायले विचार, यंदा चाफा काहून नाही आला?’’ माय भाकरी थापत होती. ‘‘सांग, एक साल फुललं का ते एखाद साल रुसते.’’ पुढच्या चैत्रात पुन्हा तोच प्रश्न. ‘‘सांग, यंदा पाऊस कमी होता.’’ त्याच्या पुढच्या साली, ‘‘सांग, भोकर फुटू दे पहिले.’’ भोकर फुटली, पुन्हा दाट झाली, तरी दर चैत्रात तो प्रश्न यायचा आणि माय काहीतरी नवं कारण काढून द्यायची. माझं लग्न झालं, मी यवतमाळला आले. उन्हाळ्यात माहेरी गेले की बाबा माझीच वाट पाहत असल्यासारखे मला विचारायला लावायचे. मला त्यांचा राग यायचा. हा माणूस किती भोळा असावा, आणि भोळेपणानं दर वर्षी त्याच जागेवर किती नेमका घाव घालावा! मामानं दुसऱ्या जंगलातून कंद आणून देतो म्हटलं होतं. आपल्या जिल्ह्यात अजूनही जंगलाला तोटा नाही. माय नको म्हणाली. दुसऱ्या नाल्याचं झाड तिला नको होतं, आणि नवे कंद लावायचे म्हणजे जुने मेले हे बाबांना सांगावं लागलं असतं. मला वाईट वाटतं ते हे की त्या हिवाळ्यानंतर बाबांनी तिच्यासाठी पुन्हा कधी काही केलं नाही. तिनंही कधी पुरणपोळीचा तसा घाट घातला नाही. एकमेकांना काही वावगं बोलले नाहीत, भांडले नाहीत, आणि असेच म्हातारे झाले. माय गेली तीसुद्धा कोणाला त्रास न देता, झोपेत.

त्यानंतर बाबा भावाकडे न जाता माझ्याकडे राहायला आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत चार कुंड्या. माझ्या सुनेला झाडांचा नाद. तिनं एका दुपारी फोनवर काहीतरी शोधून त्यांच्यापुढं धरलं. ‘‘आजोबा, हे बघा, भुईचाफा. घरपोच येतो. सावलीत लावायचा असतो म्हणे, आपल्या गॅलरीला अगदी बरोबर.’’ बाबांनी फोन हातात घेतला आणि लांब धरून बराच वेळ पाहिला. सून चहा ठेवायला आत गेली.

‘‘मीच मारलं ते,’’ ते म्हणाले.

मायनं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, ती सवय गेली नव्हती.

‘‘मले त्याच चैत्रात समजलं होतं, सुमे. फूल येईना म्हणून म्या उकरून पाह्यलं. सारे कंद एका खड्ड्यात, सडलेले. लावले तं तिनं दूर दूर होते. म्हंजे तिनं काढून पाह्यले आन पुन्हा पुरले, मले कळू नाही म्हणून.’’

‘‘मग दर साली मला विचारायला का लावायचे, बाबा? ती बिचारी...’’

‘‘वाटे, एकदा तरी रागावन माह्यावर. म्हणन, तुमीच मारलं. तिनं म्हटलं असतं तं मले म्हणता आलं असतं, चुकलं माह्यं म्हणून. ते म्हणेच ना.’’

‘‘तुम्हीच आपणहून का नाही म्हणालात?’’

‘‘एवढं जपून राह्यली होती मले. ते कसं मोडू?’’

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं, ‘‘रडली होती काय ते?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘खूप.’’

‘‘तू होती जवळ?’’

‘‘होते.’’

त्यांनी मान हलवली. मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्या घरात कोणी कोणाचा हात धरत नसे, आणि मीही शेवटी त्याच घरातली. इतक्यात सून चहा घेऊन आली. त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला.

‘‘मागवू का, आजोबा?’’ तिनं विचारलं.

‘‘नको बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘कोणासाठी?’’